899 रुपयांची मॅक्रो लेन्स आणि वेष बदललेले किडे: एक पावसाळा वापरून लिहितेय

जूनच्या पहिल्या आठवड्यात मागवली होती, आता ऑक्टोबर संपत आलाय, म्हणजे अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर लिहितेय. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, बॉक्सवर 15 एक्स लिहिलंय, मला 899 ला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण हीच लेन्स हाच चिमटा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळते, आणि मला आलेला पहिला पीस ओरखडा पडलेला निघाला. बदलून घ्यायला बारा दिवस आणि सहा फोन लागले, दुसरा पीस मात्र एकदम स्वच्छ आला. आल्या आल्या लेन्स उजेडासमोर तिरकी धरून बघा आणि खोका आठवडाभर फेकू नका.

मी ही कशासाठी घेतली ते आधी सांगते कारण त्यावरच रिव्ह्यू अवलंबून आहे. आमच्या ठाण्याच्या घरी ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. मे महिन्यात पानांवर पक्ष्याची शीट पडलेली दिसायची, मी दोनदा पाण्याने धुवायला गेले आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की शीट कालच्या पानावरून आजच्या पानावर गेलीय! ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ही अळी काळपट तपकिरी असते आणि मधे पांढरा पट्टा, हुबेहूब चिमणीची शीट, कुठला पक्षी स्वतःहून शीट खायला येणार. फोनने फोटो काढला तर नुसता डाग आला. तेव्हाच ठरवलं की जवळून बघायचं काहीतरी घ्यायचं.

लेन्स आल्यावर पहिला फोटो त्याच कुंडीतल्या दुसऱ्या अळीचा काढला आणि खरं सांगते, मी पाच मिनिटं नुसती स्क्रीन बघत उभी होते. डोळ्यांना जी कोरडी शीट दिसत होती ती लेन्समधून ओली दिसत होती, म्हणजे अळीच्या अंगावर तशी चकाकी असते, ताज्या शीटेला असते तशीच. पांढरा भागही एकसारखा पांढरा नाही, कडेला पिवळसर होत तपकिरीत मिसळतो. नुसता रंग नाही, ओलेपणाचीसुद्धा नक्कल! पुढे हीच अळी शेवटची कात टाकून हिरवीगार होते आणि फुगीर खांद्यावर दोन मोठे डोळे दिसायला लागतात, लहान सापासारखे. ते डोळे नव्हेतच, कातडीवरची नक्षी आहे. खरं डोकं खाली दुमडून ठेवलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीने टोचल्यासारखे बारीक खरे डोळे, ते मला लेन्सशिवाय कधीच दिसले नसते. गवताच्या काडीने हलकं टेकवलं तर डोक्यामागून लाल दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे एकदाच करा, रोज रोज त्रास देऊ नका तिला.

आता लेन्सचं. फोनचं कव्हर काढायलाच लागतं, जाड कव्हरवर चिमटा बसतो पण लेन्स तिरकी बसते आणि फोटोचा एक कोपरा काळा येतो. हल्ली फोनला तीन-तीन कॅमेरे असतात, त्यातल्या मेन कॅमेऱ्यावरच ही लावायची, कुठला मेन ते कळत नसेल तर कॅमेरा चालू करून एकेका भिंगावर बोट ठेवून बघा. काही फोन वस्तू जवळ आली की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात, ते सेटिंगमधून बंद करा नाहीतर स्क्रीनवर नुसता काळोख दिसेल आणि लेन्स खराब आली म्हणून तुम्ही परत पाठवाल. फोकस दोन ते तीन सेंटीमीटरवरच होतो. तीनाच्या पुढे गेलात की सगळं धुरकट. आणि फोकसची जाडी इतकी कमी की अळीचं तोंड शार्प आलं तर कंबर धूसर, कंबर आली तर तोंड गेलं. मी काय करते, श्वास रोखून फोन अगदी हळू पुढेमागे नेते आणि बटण दाबून धरते, वीस-पंचवीस फोटोंतला एखादा सापडतोच. वारा असेल तर विसरा. झूमचं बटण वापरू नका, त्याने फक्त फोटो फाटतो.

आणि हे दोन-तीन सेंटीमीटर अंतर हाच या लेन्सचा खरा फायदा आहे, असं मी चार महिन्यांनंतर म्हणतेय. किड्यांची सोंगं पक्ष्याच्या नजरेसाठी असतात. पक्षी उडता उडता अर्धा क्षण बघणार, खाऊ की नको ठरवणार आणि पुढे जाणार. त्या अर्ध्या क्षणात फसलं की किड्याचं काम झालं. आपण दोन सेंटीमीटरवर फोन नेऊन फोटो काढून मग तो घरी बसून दहा मिनिटं बघतो, एवढा वेळ कुठल्याच पक्ष्याकडे नसतो, म्हणून आपल्याला शिवण कुठे उसवलीय ते दिसतं.

तुळशीच्या मंजिरीवर पिवळे-काळे पट्टे असलेली बारीक गांधीलमाशीसारखी एक माशी येते, हवेत एका जागी थांबते, मग बसते. माझी मुलगी घाबरून आत पळायची. फोटो काढला तर पंख दोनच! मधमाशी, गांधीलमाशी यांना चार असतात. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या आणि टोकाला गाठ, तो तोल सांभाळायचा अवयव. मिशा एवढ्याशा खुंटीसारख्या आणि सगळं डोकं डोळ्यांनी भरलेलं. म्हणजे ही साधी माशी, होवरफ्लाय, नांगीच नाही, चावतही नाही. आणि या पट्टेवाल्यांच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे खातात, म्हणजे झाडाला उपयोगीच. मुलगी आता तिला बघायला स्वतः ग्रिलपाशी जाते.

याला बेट्सची नक्कल म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा इंग्रज माणूस अॅमेझॉनच्या जंगलात 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं किडे-फुलपाखरं गोळा करत राहिला, आणि 1862 साली त्याने छापलं की काही चविष्ट फुलपाखरं बेचव किंवा विषारी फुलपाखरांसारखी दिसतात आणि त्यामुळे वाचतात. यात एक अट आहे, नकली लोक असलीपेक्षा कमी हवेत. नकलीच जास्त झाले तर पक्षी चार खाऊन बघणार, चारही चांगले लागणार आणि मग त्या पट्ट्यांना कोण भिणार.

आता भुंगेरे, कारण माझा सगळ्यात आवडता फोटो भुंगेऱ्याचाच आहे. गणपतीत कुडाळला माहेरी गेले होते. पडवीत कपडे वाळत घालायचा बांबू आहे, त्यावर सकाळी पिवळाजर्द, काळ्या वळ्यांचा एक किडा झटके देत इकडून तिकडे पळत होता, थांबायचा, परत पळायचा. मी लेन्स काढली तशी आई ओरडलीच.

"अगो गांधीलमाशी ती, हात लावू नको, मागच्या वर्षी तुझ्या काकांचा डोळा सुजला होता ना!"

मला पण तसंच वाटलं, म्हणून आधी लेन्स न लावता लांबून फोटो घेतला आणि मोठा करून बघितला. पाठीवर मधोमध सरळ रेघ होती! ही रेघ दिसली की समजायचं भुंगेरा. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक झालेले असतात, झाकणासारखे, आणि दोन झाकणं पाठीवर एकमेकांना टेकतात तिथे ही रेघ पडते. गांधीलमाशीला अशी झाकणं नसतात. मग मी लेन्स लावून जवळ गेले आणि आईला फोन दाखवला. तो पिवळा रंग म्हणजे झाकणाचा रंग नव्हताच, अगदी बारीक बारीक पिवळ्या केसांची लव होती, आणि जिथे केस नाहीत तिथे काळं झाकण उघडं, तीच ती काळी वळी! आई म्हणाली, "मखमल लावल्यासारखं दिसतंय गो." तिने चष्मा पुसून परत बघितलं.

हा बांबूतलाच लांब मिशांचा भुंगेरा, शास्त्रीय नाव क्लोरोफोरस अॅन्युलारिस. अळी सुक्या बांबूला आतून पोखरत वाढते आणि मोठा झालेला भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो, बांबू तोडून घरी आणला तरी आतल्या अळीचं काम चालूच असतं. बांबूवर गोल भोक होतंच, आईने त्यात काडी घालून बघितली तर बोटाच्या पेरापेक्षा खोल गेली. नांगी नाही, विष नाही, त्याच्याकडे फक्त गांधीलमाशीचे कपडे आणि तिची ती झटक्याची चाल. चाल पण उचललीय हे मला जास्त भारी वाटतं, रंग तर फोटोत पण येतो, चाल तिथे बसून बघायला लागते. ज्यांना भुंगेऱ्यांसाठी लेन्स घ्यायचीय त्यांना सांगते, व्हिडिओ पण घ्या, फक्त फोन कशाला तरी टेकवून, हातात धरून दोन सेंटीमीटरवर व्हिडिओ स्थिर येतच नाही.

रेघेचं कळल्यापासून मी सगळ्यांच्या पाठी बघत सुटलेय. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात एक काळं झुरळ असतं, पाठीवर सात पांढरे ठिपके, आणि तिथेच सहा ठिपक्यांचा एक मोठा काळा भुंगेरा असतो, अँथिया सेक्सगुटाटा, तो त्रास दिला की फॉर्मिक अॅसिड फवारतो. झुरळ या भुंगेऱ्याची नक्कल करतं असं मानतात. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात, सरळ रेघ नाही, तिथे सोंग उघडं पडतं. फिलिपाइन्समध्ये तर चक्क ढालकिड्यासारखी दिसणारी झुरळं आहेत, गोल, लाल, काळे ठिपके. ही दोन्ही मी प्रत्यक्ष बघितलेली नाहीत पण बघायची जाम इच्छा आहे.

ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड. त्याची नक्कल का करतात तर तो कडू असतो, पकडला की पायांच्या सांध्यातून पिवळं पाणी सोडतो. इथे लेन्सचा एक मोठा दोष सांगायलाच हवा. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत चकचकीत असते, त्यात फोनचा काळा चौकोन आणि फ्लॅशचा पांढरा ठिपका दोन्ही उमटतात आणि रंग धुऊन जातो. लेन्ससोबत लाइट येत नाही आणि फोनचा फ्लॅश दोन सेंटीमीटरवर एका बाजूनेच पडतो. मी शेवटी आईस्क्रीमच्या पांढऱ्या प्लास्टिक कपाला बुडाशी भोक पाडून लेन्सवर बसवला आणि बाजूने टॉर्च मारला, उजेड पसरून पडतो, फोटो एकदम बदलतो. कंपनीने असा कप पन्नास रुपये जास्त घेऊन दिला असता तर बरं झालं असतं.

त्या कपामुळेच वांग्याचं कोडं सुटलं. कुडाळला परसात आईने वांगी लावलीत, पानं जाळी झालेली आणि वर ठिपक्यांचे ढालकिडे. मी आत्तापर्यंत सगळे ढालकिडे चांगले समजत होते कारण मावा खातात. पण वांग्यावरचा 28 ठिपक्यांचा भुंगेरा त्याच कुळातला असून पानं खातो. ठिपके मोजत बसायला नको, लेन्समधून बघा, याच्या पाठीवर बारीक लव असते त्यामुळे तो मंद दिसतो, मावा खाणारे आपले नेहमीचे ढालकिडे चकचकीत. आईने दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि मग लववाले तेवढे वेचून काढले, चकचकीत होते ते तिथेच ठेवले. परसबाग असणाऱ्यांना एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा 899 वसूल आहेत असं माझं म्हणणं आहे.

फुलपाखरांसाठी मात्र ही लेन्स घेऊ नका. दोन सेंटीमीटरवर कुठलं फुलपाखरू बसून राहतंय. आणि सोंग घेणारी फुलपाखरं बघायची तर पूर्ण पंख दिसायला हवेत. उदाहरण सांगते, प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसतं, त्याची अळी रुईची पानं खाते आणि रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी अगदी तशीच केशरी दिसते, पण तिची अळी खाते घोळ, ज्या घोळीची आपण भाजी करतो ती! विष कुठून येणार. ओळखायची खूण म्हणजे मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर खरी प्लेन टायगर. नर तर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, तो सोंगच घेत नाही.

माझ्या कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉर्मनचं पण तसंच आहे, नर काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांची रांग, काही माद्या नरासारख्या, काही माद्या कॉमन रोझ नावाच्या विषारी फुलपाखरासारख्या आणि काही क्रिमसन रोझसारख्या. एकाच जातीत तीन पोशाख. हे कसं होतं यावर फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम 2014 साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं, मादीचा पोशाख डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर ठरतो असं त्यांनी दाखवलं. हे वाचल्यापासून मी त्या कुंडीतल्या एकाही अळीला हात लावलेला नाही, अर्धा कढीपत्ता संपला तरी चालेल, आमटीला बाजारातून आणते.

एक सावधानतेचं सांगायचं राहिलं. फोन जवळ न्यायचा म्हणजे हात पण जवळ जातो. कुडाळला आंब्याच्या झाडावर ओंबील आहेत, पानं शिवून घर करणाऱ्या त्या लाल मुंग्या, चावल्या की कळ डोक्यात जाते. त्यांच्यात एक जरा वेगळी चालताना दिसली, मधेच थांबून मागे वळून बघणारी. फोटोत पाय मोजले तर आठ! मुंगीसारखा दिसणारा उड्या मारणारा कोळी तो, पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो, आणि समोर दोन मोठे गोल डोळे थेट कॅमेऱ्यात. कोळी काही कीटक नाही पण सोंगात सगळ्यांच्या वरचढ. याच्या नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चाललीय असं वाटतं. हा फोटो मिळाला पण मनगटावर चार ओंबील चावल्या त्या वेगळ्या. तेव्हा ओळख पटेपर्यंत आधी बिनलेन्सचा फोटो काढा, मोठा करून रेघ, पंख, पाय बघा, मग जवळ जा. आणि फोटोसाठी किडे डबीत किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, काही लोक ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही.

लहान मुलांसाठी घेणार असाल तर घरातल्या भिंतीपासून सुरुवात करा. भोपळ्याच्या बीसारखा राखाडी चपटा कचरा भिंतीवर चिकटलेला असतो ना, बाथरूमबाहेर, कपाटामागे, तो झाडूने पाडण्याआधी त्याच्यासमोर लेन्स धरून दोन मिनिटं थांबा. एका टोकातून बारीक तपकिरी डोकं बाहेर येतं, तीन जोड्या पाय भिंत पकडतात आणि अख्खं घर ओढत पुढे जातं. पतंगाची अळी आहे, रेती, धूळ, कपड्याचा धागा, मिळेल ते रेशमाने चिकटवून पिशवी केलेली असते. पिशवीला दोन्हीकडे तोंड, इकडून अडवली तर ती तिकडून डोकं काढते. आमच्या घरातल्या पिशवीत मला माझ्या निळ्या ओढणीचा धागा सापडला, लेन्समधून एकदम स्पष्ट निळा!

टिकाऊपणाचं म्हणाल तर चिमट्याचं रबर चांगलं आहे, स्क्रीनवर ओरखडा नाही पडला. स्प्रिंग सप्टेंबरपासून जरा सैल झालीय, मी रबरबँड लावते. झाकण दुसऱ्याच दिवशी हरवतं, इतकं ढिलं आहे. कोकणात पावसाळ्यात नेणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डबीत ठेवा, मी आठ दिवस नुसती पर्समध्ये ठेवली आणि काचेच्या कडेला बुरशीचा बारीक कोळीष्टकासारखा तंतू दिसायला लागला, लगेच मऊ कापडाने पुसला म्हणून वाचली.

पाचपैकी चार स्टार देतेय. एक कापला तो लाइट आणि झाकणासाठी. पहिल्या पीसचा राग विक्रेत्यावर आहे, लेन्सवर नाही. ज्यांच्या फोनमध्ये आधीच चांगला मॅक्रो मोड आहे त्यांनी आधी तो कढीपत्त्यावर वापरून बघा, मला माझ्या फोनच्या मॅक्रोत ती अळीची ओली चकाकी दिसली नव्हती, लेन्समध्ये दिसली. भाच्यासाठी दुसरी मागवलीय, परवा येईल. आईचा काल फोन आला होता, बांबूला अजून दोन भोकं पडलीत म्हणे, आणि तिने बाबांना बांबू बदलू दिलेला नाही, दिवाळीत मी आल्याशिवाय.